एका पंगतीतून घडलेली पिढी : कर्मवीर भाऊराव पाटील

वसतिगृहात राहून शिकलेल्या माणसाला आयुष्यभर दोन गोष्टी आठवत राहतात : पहाटेची घंटा आणि पंगत. वर्गात काय शिकलो याची उजळणी पुस्तके उघडून करता येते. परंतु शेजारच्या ताटावर बसलेल्या मुलाचे गाव कोणते, त्याच्या घरी काय शिजते, तो कशाला भितो आणि कशावर हसतो, हे ज्ञान केवळ सहवासातून मिळते. या स्मरणिकेचे बहुतेक वाचक अशा सहवासातून गेलेले आहेत. म्हणूनच, निरनिराळ्या जातींच्या व धर्मांच्या विद्यार्थ्यांना एका छपराखाली आणून त्यांच्यातून समाजाचे कार्यकर्ते घडविण्याचे काम ज्या पुरुषाने महाराष्ट्रात आयुष्याचे व्रत म्हणून केले, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र येथे थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी झाला. त्यांचे मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. घराणे जैन, शेतकरी. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस होते आणि त्यांच्या बदल्यांबरोबर कुटुंब निरनिराळ्या गावी फिरत असे. आई गंगाबाई धार्मिक वृत्तीच्या होत्या. भाऊराव शरीराने धिप्पाड, कुस्तीची आवड असलेले आणि लहानपणापासून बंडखोर स्वभावाचे. अस्पृश्य मानलेल्या लोकांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्यांनी त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी त्यांच्या बालपणीची एक हकिकत सांगितली जाते.

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात दाखल झाले. त्या काळचे कोल्हापूर हे वसतिगृहांचे नगर होऊ लागले होते. राजर्षी शाहू महाराजांनी बहुजन समाजाच्या मुलांसाठी मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहावीत म्हणून जागा, इमारती आणि उत्पन्ने दिली होती. ही रचना जातवार होती, आणि त्यामागे व्यवहाराची जाण होती. आपल्या समाजाचे वसतिगृह म्हटल्यावर त्या समाजातील धनिक मदत करीत, आणि मुलाचा धर्म बाटेल या भीतीने त्याला घरीच ठेवणारे आईबापही निर्धास्त होत. शिक्षणाचे दार उघडण्यासाठी ती त्या काळाची गरज होती. भाऊराव जैन वसतिगृहात राहत. तेथील पहिली मोठी ठेच त्यांना याच जातवार रचनेत लागली.

अस्पृश्य मानलेल्या जातींतील विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या उद्घाटनास भाऊराव हजर राहिले. परत आल्यावर त्यांनी स्नान करून शुद्ध व्हावे, मगच भोजनगृहात प्रवेश करावा, असे त्यांना सांगण्यात आले. स्नान करणे ही तशी क्षुल्लक गोष्ट. दोन तांबे पाणी अंगावर घेतले असते तर वसतिगृहातील जागा टिकली असती, शिक्षण सुरळीत चालले असते. परंतु त्या दोन तांब्यांत एक कबुली होती : ज्या मुलांच्या समारंभास आपण गेलो ती मुले अपवित्र आहेत, ही कबुली. भाऊरावांनी ती दिली नाही. वसतिगृह सोडावे लागले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला आणि महाराजांचा कारभार, त्यांचा समतेचा आग्रह जवळून पाहण्याची संधी भाऊरावांना मिळाली. शालेय शिक्षण मात्र इंग्रजी सहावीच्या आसपास संपले. मॅट्रिकचा उंबरठा त्यांनी कधी ओलांडला नाही.

पुढे काही वर्षे त्यांनी साताऱ्यास खासगी शिकवण्या केल्या. १९१० च्या सुमारास सांगलीजवळच्या दूधगाव येथे समविचारी मित्रांसमवेत त्यांनी एक विद्यार्थी आश्रम सुरू केला. त्यात सर्व जातींच्या मुलांना प्रवेश होता. आकाराने तो लहानसा होता. परंतु जातवार वसतिगृहांकडून मिश्र वसतिगृहाकडे जाणारी वाट भाऊरावांनी तेथे प्रथम चाचपून पाहिली.

याच काळात त्यांच्या स्वभावाची खरी परीक्षा पाहणारा प्रसंग घडला. १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी असा दबाव त्यांच्यावर आला. लठ्ठे हे जैन वसतिगृहाशी निगडित असलेले वजनदार गृहस्थ. भाऊरावांना वसतिगृह सोडावे लागले तेव्हा त्या निर्णयामागे लठ्ठे यांचाच अधिकार होता. मनातील जुना राग काढण्यास याहून सोपी संधी मिळाली नसती. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्यास नकार दिला आणि त्यापायी तुरुंगवास व छळ सोसला. ज्याच्याशी आपले पटले नाही त्याच्याविषयीही असत्य बोलायचे नाही, हा धडा त्यांनी पुढे विद्यार्थ्यांना दिला, तो आधी त्यांनी स्वतःच्या देहावर गिरविला होता.

सुटकेनंतर भाऊराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते झाले. नांगर विकण्यासाठी ते दक्षिण महाराष्ट्रातील खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्याच्या पडवीत बसून त्याला लोखंडी फाळाचा उपयोग पटवून द्यायचा, हप्त्यांची बोलणी करायची, आणि बोलता बोलता त्याच्या घरातील मुले काय करतात हे पाहायचे. उत्तर बहुतेक ठिकाणी एकच असे : मुले गुरे राखतात. गावात शाळा नाही. असली तर चौथीपुढे नाही. पुढचे शिक्षण तालुक्याला किंवा जिल्ह्याला, आणि तेथे राहण्याची सोय नाही. शेतकऱ्याला मुलगा शिकवायचा नव्हता असे नव्हे. मुलाने शिकायचे तर राहायचे कोठे आणि खायचे काय, हा त्याचा प्रश्न होता. शिक्षणाची अडचण वर्गखोलीपेक्षा भाकरीची अधिक आहे, हे भाऊरावांना या फिरस्तीत उमगले. त्यांच्या पुढील सर्व कार्याची रचना या एका निरीक्षणावर उभी आहे.

महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांनी भाऊराव भारलेले होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले या गावी, सत्यशोधक कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. नावातच हेतू होता. रयत म्हणजे कष्ट करणारी, सारा भरणारी सामान्य जनता. संस्थेच्या उद्दिष्टांत मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची गोडी निर्माण करणे व गरिबांच्या मुलांना विनामूल्य शिक्षण देणे हे जसे होते, तसेच निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांत परस्परांविषयी प्रेम उत्पन्न करणे, अनिष्ट रूढींना फाटा देणे आणि काटकसर, स्वावलंबन व सचोटी अंगी बाणविणे हेही तितक्याच स्पष्टपणे मांडलेले होते. परस्परप्रेम ही शाळेची गौण निष्पत्ती न मानता शाळेचे काम मानणे, हा त्या काळी मोठा नवा विचार होता.

१९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, चांभार, जैन, मुसलमान, ब्राह्मण अशा सर्व समाजांची मुले एकत्र राहू लागली. भाऊरावांनी मुलांची वाटणी जातीने केली नाही, कामांची वाटणी मात्र काटेकोर केली. पाणी भरणे, झाडलोट, दळण, भाकऱ्या थापणे, भाजी चिरणे, भांडी घासणे, शेतात राबणे ही सारी कामे मुले पाळीपाळीने करीत. वरवर पाहता ही खर्च वाचविण्याची युक्ती होती, आणि खर्च वाचविणे भागही होते. परंतु तिच्यात एक खोल रचना दडलेली होती. ज्या समाजात पाणी कोणी भरायचे आणि केर कोणी काढायचा हे जन्माने ठरत होते, तेथे ते पाळीने ठरू लागले. आज ज्याच्या हातची भाकरी खाल्ली, उद्या त्याच्यासाठी आपण भाकरी थापायची. उपदेश ऐकून जे मनातून जाणार नव्हते ते या नित्यक्रमाने हळूहळू जात असे.

हे सहजासहजी पचणारे नव्हते. बाहेरून टीका होई. देणगी देऊ इच्छिणारे काही जण पंगत एक आहे हे कळताच हात आखडता घेत. मुलांच्या आईबापांच्या मनातही धाकधूक असे. भाऊरावांनी पंगत मोडली नाही. पैसा आला नाही तरी चालेल, पण पंगत मोडायची नाही, हा त्यांचा निश्चय होता. आणि त्याची किंमत त्यांच्या घराला मोजावी लागली.

ती किंमत सर्वाधिक मोजली ती लक्ष्मीबाईंनी. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सुखवस्तू जैन घराण्यातील, सोवळेओवळे पाळण्याच्या संस्कारात वाढलेल्या. पतीने निरनिराळ्या जातींची मुले घरात आणली तेव्हा त्यांच्या मनात किती उलघाल झाली असेल याची कल्पना आपण करू शकतो. श्रद्धा आणि माया यांच्या त्या झगड्यात माया जिंकली. त्या मुलांच्या माऊली झाल्या. आजारी मुलाच्या उशाशी त्या बसत, भुकेल्या मुलाला आधी वाढीत. वसतिगृहात धान्य संपले की लक्ष्मीबाईंचा एखादा दागिना मोडला जाई. अंगावरचे सोने असे एकेक करीत गेले आणि शेवटी मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. ज्या कार्यासाठी त्यांनी सर्व काही दिले त्याचा पुढचा विस्तार पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. रयत शिक्षण संस्थेचा इतिहास सांगताना भाऊरावांच्या बरोबरीने त्यांचे नाव घेतले जाते, ते औपचारिकतेने नव्हे.

१९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. सर्व जातींची मुले एकत्र राहून, एकत्र राबून शिकत आहेत हे पाहून गांधीजी प्रभावित झाले आणि पुढे हरिजन सेवक संघाकडून वसतिगृहास साहाय्यही मिळू लागले. १९३२ साली, पुणे कराराच्या पार्श्वभूमीवर, भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस सुरू केले. सवर्ण व अस्पृश्य मानलेले समाज यांच्यात करार कागदावर झाला होता. तो विद्यार्थ्यांच्या रोजच्या जगण्यात उतरविण्याचा हा प्रयत्न होता.

पैसा उभा करण्याची भाऊरावांची रीतही त्यांच्या विचाराला साजेशी होती. धनिकांच्या देणग्या त्यांनी नाकारल्या नाहीत, पण त्यांवर विसंबूनही राहिले नाहीत. घरोघर मुष्टिफंड गोळा होई. दळणाच्या वेळी गृहिणीने मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते संस्थेसाठी द्यायचे. मूठभर धान्य देणाऱ्या त्या माउलीला संस्था आपली वाटू लागे, आणि ज्या मुलाच्या पोटात ते धान्य जाई त्याला गावाचे ऋण आठवत राही. शिकून मोठा झालेला तरुण आपल्या गावाकडे पाठ फिरवतो ही तक्रार आजही ऐकू येते. या मुठींच्या ऋणातून भाऊरावांनी त्या तक्रारीवर आपल्या परीने उत्तर शोधले होते.

वसतिगृहात मुले घडू लागली, पण खेड्यांत शिकविणार कोण? १९३५ साली साताऱ्यास शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी अध्यापक विद्यालय निघाले. वसतिगृहाच्या संस्कारात वाढलेले तरुण तेथे शिक्षक होऊन बाहेर पडू लागले. त्यानंतर ज्या वाड्यावस्त्यांवर सरकारी शाळा पोहोचली नव्हती तेथे संस्थेच्या व्हॉलंटरी शाळा सुरू झाल्या. त्यांची संख्या ५७८ पर्यंत गेली. तुटपुंज्या वेतनावर, देवळात किंवा चावडीत शाळा भरविणारे हे शिक्षक त्या गावांचे पत्रलेखक, सल्लागार आणि प्रसंगी भांडण मिटविणारेही असत. नेतृत्व म्हणजे व्यासपीठ आणि हारतुरे, ही कल्पना भाऊरावांना मान्य नव्हती. दुर्गम वाडीवर एकट्याने शाळा चालविणारा तरुण हाच त्यांच्या लेखी पुढारी होता. मुलींच्या शिक्षणाकडे संस्थेचे पाऊल मुलांच्या मानाने उशिरा वळले, हे नमूद केले पाहिजे. तथापि साताऱ्यास जिजामाता अध्यापिका विद्यालय सुरू होऊन खेड्यांतील स्त्रियाही शिक्षिका म्हणून पुढे येऊ लागल्या.

१९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. विनामूल्य आणि निवासी, हे त्याचे वैशिष्ट्य. शाळा झाली तरी मॅट्रिकनंतर पुन्हा तोच जुना प्रश्न उभा होता : पुढे कोठे आणि कशाच्या जोरावर? महाविद्यालयीन शिक्षण तोवर मोठ्या शहरांतील सुस्थितीतील घरांचे मानले जाई. जून १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर असताना, भाऊरावांनी साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. मॅट्रिक न झालेल्या माणसाने काढलेले हे महाविद्यालय. एका धनिकाने मोठी रक्कम देऊ करून महाविद्यालयाचे नाव बदलण्याची अट घातली आणि भाऊरावांनी ती रक्कम नाकारली, अशी हकिकत संस्थेच्या परिवारात आजही अभिमानाने सांगितली जाते.

या महाविद्यालयाचा प्राण म्हणजे कमवा आणि शिका ही योजना. ज्या विद्यार्थ्याजवळ पैसा नाही त्याने श्रम द्यावेत आणि त्या श्रमांच्या बळावर शिकावे. विद्यार्थी माळरान खणीत, खडी फोडीत, शेत पिकवीत, इमारतींच्या कामावर राबत आणि उरलेल्या वेळी इंग्रजी वाङ्मय, इतिहास, अर्थशास्त्र अभ्यासत. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेतला पाहिजे. फी माफ करणे हीसुद्धा मदतच. पण माफीत घेणाऱ्याची मान किंचित खाली जाते. श्रम देऊन शिकणाऱ्याची मान ताठ राहते. वंशपरंपरेने इतरांसाठी राबणाऱ्या घरांतील मुलांना आपले श्रम हेच आपल्या पदवीचे मूल्य आहे असे प्रथमच अनुभवास आले. आणि ज्या घरांत श्रम हलके मानले जात त्या घरांतील मुलांना कुदळ हातात घेतल्यावर श्रमाची किंमत कळली. समता दोन्ही बाजूंनी शिकावी लागते. भाऊरावांच्या महाविद्यालयात ती दोन्ही बाजूंनी शिकविली जात होती.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. याच सुमारास सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान काही काळ थांबले. अनेक शाळा, शेकडो शिक्षक, हजारो मुले यांचा भार डोक्यावर असताना हा आघात साधा नव्हता. भाऊरावांनी शाळा बंद केल्या नाहीत. पुन्हा गावोगाव हिंडणे सुरू झाले. लोकांनी धान्य दिले, पैसे दिले, शिक्षकांनी ओढाताण सोसली. संत गाडगे महाराजांनी संस्थेच्या बाजूने आपला शब्द खर्ची घातला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. गाडगे महाराज आणि भाऊराव या दोघांची नावे उच्च पदव्यांशी जोडली गेलेली नव्हती. पण १९५४ साली कराडला निघालेल्या महाविद्यालयास भाऊरावांनी सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या संताच्या नावाने महाविद्यालय निघावे, यात संस्थेची सारी मूल्यदृष्टी आली.

विद्यार्थ्यांत भाऊराव अण्णा या नावाने ओळखले जात. पांढरी दाढी, खादीचा साधा वेश, हातात काठी, आणि आवाजात जरब असूनही डोळ्यांत ओलावा. शिस्तीच्या बाबतीत ते कठोर होते. एखाद्या होतकरू मुलाच्या पुढील शिक्षणासाठी मात्र ते वाटेल त्याच्या दाराशी जात. शाहू बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील असेच इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले. परत येऊन त्यांनी संस्थेतच अध्यापन केले आणि पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. प्रा. एन. डी. पाटील यांनी शिवाजी महाविद्यालयात शिकविले, शेतकरी-कष्टकऱ्यांच्या लढ्यांत आयुष्य वेचले आणि कालांतराने संस्थेची धुराही वाहिली. ही दोन नावे सर्वपरिचित म्हणून घेतली. ज्यांची नावे कोठेही छापली गेली नाहीत असे शिक्षक, ग्रामसेवक, सहकारी संस्थांचे कार्यकर्ते आणि गावचे सरपंच यांची संख्या याहून कितीतरी मोठी आहे.

जानेवारी १९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण देऊन गौरविले आणि त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.लिट. पदवी अर्पण केली. तेव्हा ते आजाराने खंगले होते. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मॅट्रिक न झालेल्या नांगरविक्रेत्याच्या मागे शेकडो शाळांची आणि महाविद्यालयांची परंपरा उभी राहिली. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजून स्वतः खोड होतात, आणि झाड कोठे सुरू झाले हे काही काळाने ओळखूही येत नाही. संस्थेचा विस्तारही तसाच झाला.

आज महाविद्यालयांतून नेतृत्वविकासाची शिबिरे भरतात, निरनिराळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना एकत्र आणण्याच्या योजना आखल्या जातात. त्या आवश्यकच आहेत. भाऊरावांचे चरित्र अशा योजनांना काही साधे प्रश्न विचारते. एकत्र आलेले विद्यार्थी एका पंगतीला बसतात काय? कष्टाची आणि कमीपणाची मानली जाणारी कामे पाळीने होतात की काही ठराविक मुलांच्याच वाट्याला येतात? ज्याला मदत मिळते त्याची मान ताठ राहते काय? आणि शिकून बाहेर पडलेला तरुण मूठभर धान्य देणाऱ्या हाताकडे परत वळतो काय? ज्यांच्या हाती आज एखादे वसतिगृह, एखादी शाळा किंवा एखादी पालकसभा आहे, त्या आपल्यासारख्यांनी हे प्रश्न स्वतःला विचारावेत आणि त्यांची उत्तरे भोजनगृहातल्या पाळीच्या फळ्यावर शोधावीत. अण्णांच्या स्मृतीस तेच अभिवादन ठरेल.